थंडी-पावसात डिस्नेलँड पॅरिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून युरोपला येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांच्या कार्यक्रमात एक दिवस डिस्नेलँड पॅरिसचा असतो. तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढलेली असतात, मुलांनी दिवस मोजलेले असतात, आणि आदल्या रात्री फोनवर ढगाचं चित्र दिसतं. मी पॅरिसजवळ राहत असल्यामुळे त्या रात्री मला नातेवाइकांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन येतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

उद्या दिवसभर पाऊस दाखवतोय. जावं की बेत रद्द करावा?

जा. पार्क पावसात बंद होत नाही आणि पाऊस पडला म्हणून तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. शिवाय पॅरिस परिसरात "दिवसभर पाऊस" याचा अर्थ बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास भुरभुर, मग कोरडी उघडीप, मग पुन्हा एक सर असा असतो. सलग आठ तास कोसळणारा पाऊस इथे फार क्वचित पाहायला मिळतो.

एकच अट आहे. कपडे आणि दिवसाचा क्रम पावसाप्रमाणे ठरवून जा. उन्हाळी कपड्यांत, उन्हाळी बेत घेऊन आलेली कुटुंबं दुपारी दोनच्या सुमारास परतीच्या स्टेशनाकडे निघालेली दिसतात, आणि ते पाहून वाईट वाटतं. एवढ्या लांबून, एवढा खर्च करून आलेली असतात.

मे महिन्यात खरंच थंडी असते का?

असते. पॅरिसचं मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान २० अंशांच्या आसपास आणि किमान ११ च्या आसपास असतं. एप्रिलमध्ये कमाल १६, किमान ७. या झाल्या सरासऱ्या. पावसाळी दिवशी ऊन नसतं, त्यामुळे दुपारीसुद्धा पारा १२-१३ च्या पुढे न सरकणं अगदी नेहमीचं आहे. हे पार्क पॅरिस शहराच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हॅले या मोकळ्या सपाट भागात आहे. शहरातल्या उंच इमारतींचा आडोसा तिथे नाही आणि वारा चांगलाच लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत येणार असाल तर नोव्हेंबरमध्ये कमाल १०-११, आणि नाताळात ७-८ अंश धरून चाला. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या आधीच सूर्य मावळतो. मे महिन्यात मात्र रात्री नऊनंतरही उजेड असतो. पावसाळी दिवसाचं नियोजन करताना हा फार मोठा फायदा आहे, कारण उघडीप संध्याकाळी सात वाजता झाली तरी तिचा उपयोग करता येतो.

आम्ही कोकणातले. पावसाची आम्हाला काय भीती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि घोळ इथेच होतो. पॅरिसमध्ये वर्षभरात साधारण ६४० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. आकडा पाहून माणूस निर्धास्त होतो. पण आपल्याकडच्या पावसात हवा २५-२६ अंशांची असते. त्यात भिजलं तरी अंग गारठत नाही, घरी जाऊन डोकं पुसलं, आल्याचा चहा घेतला की झालं. इथे पाऊस बारीक असतो, पण पाणी थंड, हवा थंड आणि वर वारा. ओला कपडा अंगाला चिकटला की शरीराची ऊब झपाट्याने जाते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यात तुम्ही रांगेत स्थिर उभे. चालणाऱ्या माणसाला ऊब राहते, उभ्या माणसाला राहत नाही.

म्हणून आपल्याकडची "थोडं भिजलं तर काय होतंय" ही सवय विमानात बसण्याआधीच बाजूला ठेवा. इथे भिजायचंच नाही. विशेषतः पाय आणि हात. अंगावर कितीही जाड स्वेटर असला तरी पायमोजे ओले झाले की पुढच्या तासाभरात मुलं कुरकुरू लागतात आणि दिवस तिथेच संपतो.

छत्री आणावी की रेनकोट?

दोन्ही नकोत असं नाही, पण एकच निवडायचं तर रेनकोट किंवा पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट. वाऱ्यात छत्री उलटते, गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यापाशी येते, राइडमध्ये बसताना मिटून पायाशी ठेवावी लागते आणि तिचं पाणी नेमकं बुटात ओघळतं. मूल कडेवर, हातात फोन आणि त्यात छत्री हे जमत नाही.

पाँचोचा आणखी एक उपयोग: तो पाठीवरच्या सॅकसकट अंगावर येतो. आत दुकानांत मिळतो, पण महाग पडतो. चार जणांचे चार घेण्याऐवजी आपल्याकडून आणलेले बरे. मात्र रस्त्यावर मिळणारा अगदी पातळ प्लास्टिकचा पाँचो दुपारपर्यंत फाटतो. दुचाकीवर वापरतो तो दोन तुकड्यांचा रेनसूट, जर्किन आणि पँट, मला सगळ्यात उत्तम वाटतो. दिसायला कसा का असेना, मांड्या आणि गुडघे कोरडे ठेवणारं दुसरं काही नाही. पाँचोखाली नेमका तोच भाग भिजतो.

मग कपडे नेमके कोणते घालावेत?

जीन्स घालू नका. आपल्याकडे प्रवासाला जीन्स हा ठरलेला पोशाख आहे, पण डेनिम पाणी पितं, जड होतं आणि दिवसभर वाळत नाही. ट्रॅक पँट किंवा सिंथेटिक कापडाची पँट घाला, आत थर्मल. वर थर्मल, त्यावर पातळ स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जर्किन. एक जाड कोट घालण्यापेक्षा हे तीन थर बरे, कारण राइडच्या इमारतींत आणि उपाहारगृहांत हीटर असतो. तिथे गेल्यावर एक थर काढता येतो. आत घामाघूम होऊन बाहेर पडलात तर घामाने ओला झालेला बनियनसुद्धा थंडी वाजवतो.

कानटोपी प्रत्येकाला हवी. हुड कितीही असो, मान वळवली की तो मागे सरकतो. हातमोजे मे महिन्यात आणायला लोक संकोचतात. लहान मुलांसाठी तरी आणाच, आणि दोन जोड आणा, कारण मुलं ओल्या रेलिंगला हात लावणारच.

पायांत पाणी न शिरणारे बूट असले तर प्रश्नच मिटला. ते नसतील तर मऊ जाळीदार स्पोर्ट्‌स शूज टाळा, त्यातून पाणी सरळ आत जातं. चामड्याचे जुने, वापरून सैल झालेले बूट चालतील. सॅकमध्ये प्रत्येकाचे पायमोज्यांचे दोन कोरडे जोड, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून. दुपारी जेवायला बसलात की सगळ्यांचे पायमोजे बदला. एवढ्या छोट्या गोष्टीने दिवस तीन-चार तासांनी लांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आई कायम साडीच नेसते. तिचं काय?

साडी नेसून जरूर यावं, अडचण फक्त काठाची. ओल्या फरशीवरून काठ घासला की पाणी वर चढतं आणि पोटऱ्यांपर्यंत साडी ओली होते. त्या दिवसापुरती सिंथेटिक साडी, घोट्याच्या थोडी वर नेसलेली, आत थर्मल पायजमा, पायांत मोजे आणि बंद बूट असं करावं. शाल ओली झाली की फार जड होते, त्यामुळे शालीवर जर्किन हवं. आईंची तयारी असेल तर त्या दिवशी सलवार-कुडता जास्त सोयीचा. आग्रह मात्र करू नये. दिवस त्यांचाही आहे.

पाऊस आला की राइड्स बंद होतात का?

साध्या पावसात बहुतेक राइड्स चालू राहतात. विजा चमकू लागल्या किंवा वारा फार वाढला की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात आणि वातावरण निवळलं की पुन्हा सुरू करतात. अशा वेळी रांगेत उभं राहून वाट पाहण्यात अर्थ नाही, किती वेळ लागेल ते कर्मचारीही सांगू शकत नाहीत.

बिग थंडर माउंटन हा उघड्यावरचा रोलर कोस्टर पावसातही धावतो. मुलं म्हणतील "चल ना". जायचं असेल तर हुडची दोरी घट्ट बांधा आणि चष्मा खिशात ठेवा. त्या वेगात थेंब चेहऱ्यावर चांगलेच टोचतात. ज्यांना हे आवडतं त्यांना फार आवडतं. उंचीची अट १०२ सेंटीमीटर आहे.

छताखाली काय काय आहे?

भरपूर आहे, आणि हा योगायोग नाही. १२ एप्रिल १९९२ रोजी हे पार्क उघडलं, त्याआधी त्याची आखणी करणाऱ्यांना माहीत होतं की हवा इथे कॅलिफोर्निया-फ्लोरिडासारखी नसणार. त्यामुळे इथल्या बऱ्याच रांगांवर छप्पर आहे आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या पाठीमागून, दोन लांब बंदिस्त मार्ग काढले आहेत. रस्त्याच्या टोकाला असलेल्या किल्ल्याकडे तोंड करून उभे राहिलात तर डावीकडची लिबर्टी आर्केड आणि उजवीकडची डिस्कव्हरी आर्केड. पाऊस पडत असताना शेकडो लोक मधल्या उघड्या रस्त्यावरून डोक्यावर पिशव्या धरून धावत असतात आणि दहा पावलांवरचा हा कोरडा रस्ता त्यांना ठाऊकच नसतो. डावीकडून गेलात तर फ्रंटियरलँडजवळ निघता, उजवीकडून गेलात तर डिस्कव्हरीलँडजवळ. हे पार्कचे विभाग आहेत. लिबर्टी आर्केडमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची कहाणी मांडली आहे. फ्रान्सने दिलेल्या या पुतळ्याचं न्यूयॉर्कमध्ये १८८६ साली अनावरण झालं, तो प्रसंगही तिथे उभा केला आहे. थांबून पाहण्यासारखं आहे.

आता राइड्स. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही होडीतली सफर पूर्ण आत आहे, रांगही तिच्या स्वतःच्या गढीच्या आतून जाते, आणि ती निवांत, लांब आहे. उतारावर थोडे तुषार उडतात तेवढेच. इट्स अ स्मॉल वर्ल्डही होडीचीच, सगळ्या वयांना चालणारी. फँटम मॅनर हा भुताचा वाडा. लहान मुलं घाबरू शकतात. फँटसीलँड या विभागात पीटर पॅन, स्नो व्हाइट आणि पिनोकिओ या तिन्ही आत आहेत. तिथलंच कपबशांचं चक्र अनेक ठिकाणी उघड्यावर असतं, पॅरिसमध्ये मात्र त्यावर काचेचं छप्पर आहे. घोड्यांचा मेरी-गो-राउंडही छताखाली आहे.

पण पाऊस जोराचा असेल तर माझा सल्ला एकच: डिस्कव्हरीलँडमध्ये मुक्काम ठोका. स्टार टूर्स ही अंतराळसफर (रांगसुद्धा पूर्ण आत, उंची १०२ सेंटीमीटर), बझ लाइटइयरचा नेमबाजीचा खेळ, हायपरस्पेस माउंटन (उंची १२० सेंटीमीटर, अंधारातला वेगवान रोलर कोस्टर), मिकीज फिलहारमॅजिक हा त्रिमितीय चित्रपट आणि कॅफे हायपेरियन हे मोठं उपाहारगृह, हे सगळं एकमेकांपासून दोन-चार मिनिटांवर आहे. एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जाताना फारसं भिजायला होत नाही.

ज्यांत बसायचं नसतं अशा जागा पाहण्यात वेळ घालवावा का?

नक्की घालवावा. माझ्या मते पावसाळी दिवसाचं खरं धन हेच आहे. किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर रंगीत काचांच्या खिडक्या आणि गालिचासारखी भिंतचित्रं आहेत, त्यांत निद्रिस्त राजकन्येची गोष्ट सांगितली आहे. किल्ल्याच्या खाली तळघरात साखळदंडाने बांधलेला एक प्रचंड ड्रॅगन झोपलेला आहे. तो मधूनच जागा होतो, डोकं उचलतो, गुरगुरतो, नाकातून धूर सोडतो. आत अंधार आणि पाण्याचा आवाज. मुलांना तिथून हलवणं कठीण जातं. आणि डिस्कव्हरीलँडमध्ये नॉटिलस ही पाणबुडी आहे. जिना उतरून आत गेलात की ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या कप्तान नीमोच्या खोल्या, त्याची यंत्रं, गोल खिडकीबाहेर समुद्र. तिथे बहुधा रांग नसते.

उन्हाच्या दिवशी लोक या तिन्ही जागा "नंतर बघू" म्हणून सोडून देतात आणि तो "नंतर" येत नाही. पावसात त्या आपोआप वाट्याला येतात.

पावसात गर्दी तरी कमी असते ना?

थोडी. आसपास राहणारे वार्षिक पासधारक घरी थांबतात, पण परदेशातून आलेले, दिवस ठरलेले लोक येतातच. आणि सगळे एकाच वेळी छप्पर शोधतात. त्यामुळे आतल्या राइड्सच्या रांगा वाढतात आणि बाहेरच्यांच्या घटतात. डंबोचे उडते हत्ती, ऑर्बिट्रॉनची गोल फिरणारी यानं, बिग थंडर इथे पावसात किंवा पाऊस थांबल्या थांबल्या लगेच गेलात तर उन्हाळी दिवसाच्या मानाने खूप लवकर नंबर लागतो. पार्कच्या अधिकृत अॅपमध्ये प्रत्येक राइडची सध्याची प्रतीक्षा मिनिटांत दिसते. ते अॅप हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा.

दिवसाचा क्रम कसा लावावा?

घड्याळाप्रमाणे लावू नका, सरींप्रमाणे लावा. मेतेओ-फ्रान्स या फ्रान्सच्या हवामान खात्याच्या अॅपमध्ये पुढच्या तासाभरात पाऊस केव्हा येणार हे काही मिनिटांच्या टप्प्यांनी दाखवतात. पार्कमध्ये फिरताना त्याचा फार उपयोग होतो.

सकाळी दार उघडण्याआधी पोहोचा. पहिला एक तास रांगा सर्वांत लहान असतात, तेव्हा ज्या आतल्या राइडची रांग नंतर फुगते ती उरकून घ्या. लहान मुलं असतील तर पीटर पॅन, मोठी असतील तर हायपरस्पेस माउंटन. नंतर उघडीप दिसली की हातातलं सोडून बाहेरच्या राइड्सकडे वळा. सर सुरू झाली की लांब चालणाऱ्या आतल्या राइड्स: पायरेट्स, स्मॉल वर्ल्ड. जिथे रांग लहान पण राइडही लहान, अशा ठिकाणी सरीच्या वेळी जाऊ नका. पाच मिनिटांत पुन्हा पावसात येऊन उभे राहाल.

जेवण साडेअकराला. मराठी घरात ही वेळ लवकर वाटेल, पण पावसाळी दिवशी साडेबारा ते अडीच या वेळात प्रत्येक उपाहारगृह निवाऱ्याचं ठिकाण बनतं. ज्यांचं खाऊन झालं आहे तेसुद्धा खुर्ची सोडत नाहीत, आणि पावसात त्यांना कोण उठा म्हणणार? साडेअकराला बसलात तर निवांत जेवता, पायमोजे बदलता, आणि बाकी सगळे जेवायच्या रांगेत असताना राइड्सकडे निघता.

ज्यात पाणी उडण्याची शक्यता आहे किंवा वारा अंगावर येणार आहे, ते दिवसाच्या शेवटाला ठेवा.

दुसरं पार्कही तिकिटात आहे. पावसात ते बरं की पहिलं?

दुसरं पार्क २००२ साली वॉल्ट डिस्ने स्टुडिओज या नावाने सुरू झालं. एकाच दिवसाचं तिकीट असेल आणि निवड करायची असेल तर पावसातसुद्धा पहिलंच निवडा. आडोसे आणि पाहण्यासारख्या जागा तिथे जास्त. दोन्हींचं तिकीट असेल तर दुसऱ्यातल्या राताटुईची उंदराच्या नजरेतून दिसणारी स्वयंपाकघरातली सफर (उंचीची अट नाही), टॉवर ऑफ टेरर ही कोसळत्या लिफ्टची राइड (१०२ सेंटीमीटर) आणि नाट्यगृहातले प्रयोग यांसाठी तिकडे जा. नाट्यगृहात अर्धा तास उबेत, खुर्चीवर बसायला मिळतं, हे पावसात थकलेल्या पायांसाठी मोठं सुख असतं. प्रयोगांच्या वेळा बदलतात, त्या सकाळीच अॅपमध्ये पाहून ठेवा आणि जोराच्या सरीशी त्यांची सांगड घाला.

परेड आणि रात्रीची आतषबाजी होते का?

हलक्या पावसात परेड होऊ शकते. जोराच्या पावसात ती छोटी करतात, पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. रस्ता ओला असेल तर नाचणाऱ्यांच्या पायांचा प्रश्न असतो, त्यामुळे या निर्णयावर चिडून उपयोग नाही. रात्रीच्या कार्यक्रमाला पावसापेक्षा वारा जास्त अडवतो. मुलांना आधीच "परेड नक्की दाखवतो" असं वचन देऊ नका. एक लक्षात घ्या: पावसात परेडच्या रस्त्याकडेला तासभर आधी जागा धरून बसणारे फार कमी असतात, त्यामुळे ती झाली तर दहा मिनिटं आधी जाऊनही पुढची रांग मिळते.

खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

पिझ्झा, पास्ता, फ्रेंच फ्राइज, सॅलड हे मिळतं. फँटसीलँडमधल्या बेला नोत्ते इथे पिझ्झा-पास्ता आहे. मेनूवर "व्हेजितारियाँ" म्हणजे शाकाहारी. अंडं चालत नसेल तर केक, पेस्ट्री घेताना विचारून घ्या, बहुतेकांत असतं. कांदा-लसणाशिवाय खाणाऱ्यांनी आतल्या जेवणावर विसंबू नये.

आपल्यापुरता खाऊ आत नेता येतो. मोठे कूलर आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत. थंडीत अंगाला इंधन लागतं आणि भूक वरचेवर लागते. ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, दाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की असं काहीतरी प्रत्येकाच्या खिशात असू द्या. गूळपोळी तर अशा दिवसासाठीच केलेली वाटते. थर्मासमध्ये गरम पाणी किंवा चहा आणता आला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर मुख्य रस्त्यावरच्या केबल कार बेक शॉपमध्ये हॉट चॉकलेट मिळतं. मुलांच्या गार पडलेल्या बोटांना तो कप धरून बसणंसुद्धा औषधासारखं असतं.

दीड वर्षाचं बाळ आहे. न्यावं का?

बाबागाडीला पावसाचं पारदर्शक आवरण असेल तर न्यावं. ते आवरण घरूनच आणा. आवरणाखाली बाळ कोरडं राहतं पण हालचाल नसल्यामुळे गारठतं, म्हणून तुमच्यापेक्षा त्याला एक थर जास्त घाला आणि दर थोड्या वेळाने मानेमागे हात घालून पाहा. हात-पाय गार असणं एवढं काळजीचं नाही, मान गार लागली तर लगेच आत जा. मध्यवर्ती चौकाजवळ, प्लाझा गार्डन्स रेस्टॉरंटच्या बाजूला, बाळांसाठी केंद्र आहे: दूध पाजायला, कपडे बदलायला उबदार जागा. प्रथमोपचारही तिथेच.

मोठ्या राइडसाठी आई-बाबांनी आळीपाळीने जायची सोय आहे: एक जण रांगेतून जातो, दुसरा बाळाबरोबर थांबतो, मग दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. राइडच्या दारावरच्या कर्मचाऱ्याला "बेबी स्विच" म्हणा. थांबणाऱ्याने मात्र छताखालीच थांबावं.

आजी-आजोबांना दिवसभर झेपेल का?

पावसात त्यांना चालण्यापेक्षा उभं राहणं जड जातं, आणि ओल्या फरशीवर घसरण्याची भीती असते. प्रवेशद्वाराजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते. संकोच न करता घ्यावी. पायरेट्स, स्मॉल वर्ल्ड, फिलहारमॅजिक, किल्ल्यातल्या रंगीत खिडक्या (वर जायला जिना आहे) आणि एखादा नाट्यप्रयोग, एवढ्यात त्यांचा दिवस छान जातो. वाफेच्या इंजिनाची गाडी पार्कभोवती फिरते, डब्यांना छप्पर आहे, पण कडेने वारा लागतो, मफलर हवा.

त्यांना एकट्यांना बाहेरच्या बाकावर "इथेच बसा, आम्ही येतो" असं सांगून जाऊ नका. चाळीस मिनिटं थंड, ओल्या बाकावर बसणं तरुणालाही सोसत नाही. आणि आपली आजी-आजोबा माणसं तक्रार करत नाहीत, हे आपल्याला माहीत असतं. त्यांना आतल्या टेबलाशी बसवा, समोर गरम काहीतरी ठेवा, मग जा.

ग्रुप टूरबरोबर आहोत. बस संध्याकाळी ठरलेल्या वेळीच निघते. काय सांभाळावं?

भेटायची जागा छताखालची ठरवा. टूर मॅनेजर सोयीसाठी "गेटबाहेर भेटू" म्हणतात. पावसात चाळीस माणसं उघड्यावर ताटकळतात. त्यांना सकाळीच विनंती करा की जमायचं ते आर्केडमध्ये. कोरडे कपडे बसच्या पोटात टाकलेल्या मोठ्या बॅगेत ठेवू नका, दिवसभर बस मिळत नाही. आणि ग्रुपमध्ये सगळ्यांनी सगळं एकत्र करायचा अट्टहास नको. चार-पाच जणांच्या तुकड्या पावसात सुटसुटीत फिरतात.

स्वतःच जाणार आहोत. पॅरिसहून कसं पोहोचायचं?

आरईआर ए या गाडीने. शातले-ले-आल, गार द लियों, नासियों अशा स्टेशनांवरून ती मिळते. शातलेहून सुमारे ४० मिनिटं. पूर्वेकडे तिला फाटे फुटतात, म्हणून फलाटावरच्या पाटीवर मार्न-ला-व्हॅले शेसी हे नाव पाहूनच चढा. तेच शेवटचं स्टेशन. उतरल्यावर पार्कचं दार पायी काही मिनिटांवर आहे. २०२५ च्या जानेवारीपासून पॅरिस परिसरात या गाड्यांना अंतर कितीही असलं तरी एकच दर झाला, तेव्हा तो २.५० युरो होता. त्याआधीचा खर्चाचा अंदाज कुणी सांगितला असेल तर तो जुना समजा.

काही विसरलं असेल तर शेसीच्या एक स्टेशन अलीकडे व्हाल द्युरोप इथे मोठा मॉल आहे. पायमोजे, हातमोजे, जर्किन तिथे पार्कपेक्षा स्वस्त मिळतात.

फोन आणि पासपोर्ट कसे जपावेत?

पासपोर्ट, पैसे, औषधं झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, ती जर्किनच्या आतल्या खिशात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, पॉवर बँक हवीच. ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही, एक छोटा रुमाल फक्त त्यासाठी ठेवा. फोटो मात्र नक्की काढा, विशेषतः अंधार पडताना. ओल्या रस्त्यात किल्ल्याचे गुलाबी-निळे दिवे उतरतात, तसं दृश्य कोरड्या दिवशी मिळत नाही.

परत कधी फिरावं?

मूल थरथरत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा एरवी बडबडणारं मूल एकदम गप्प झालं असेल, तर तिकिटाचे किती पैसे वसूल झाले याचा हिशेब न करता ताबडतोब आत जा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, गरम प्यायला द्या. अर्ध्या तासात तरतरी आली तर पुन्हा बाहेर पडा. आली नाही तर हॉटेलवर परता. आजी-आजोबांच्या बाबतीतही हेच. सगळे कोरडे आणि खुशीत असतील तर लवकर निघू नका. पावसाळी दिवशी संध्याकाळी सहानंतर पार्क बरंच रिकामं होतं आणि सकाळी ज्या रांगा सोडल्या त्या तेव्हा आटोक्यात येतात.

बूट भिजलेच. सकाळी सात वाजता स्वित्झर्लंडची बस आहे. काय करू?

आतलं सोल बाहेर काढा, लेस सैल करा आणि बुटात चुरगळलेला कागद गच्च भरा. हॉटेलच्या स्वागतकक्षात जुनी वर्तमानपत्रं मागितली तर मिळतात. तासाभराने कागद बदला, झोपताना पुन्हा बदला. हीटरवर बूट ठेवू नका, डिंक सुटतो आणि चामडं तडकतं. हीटरपासून हातभर लांब, आडवे ठेवा. हेअर ड्रायर वापरायचा तर कमी उष्णतेवर. पायमोजे आणि थर्मल मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा, मग खुर्चीच्या पाठीवर टाका, सकाळपर्यंत वाळतात.